कोरड्या वजनाचा फसवा हिशेब

‘गाडीची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड आणि ट्रेलरचे वजन २,९०० पौंड, म्हणजे चिंता नाही’ हा समज अमेरिकेत कुटुंबासाठी हलका कॅम्पिंग ट्रेलर शोधणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. माहितीपत्रकातले २,९०० पौंड हे बहुधा कोरडे, म्हणजे पाणी आणि सामान न भरलेल्या ट्रेलरचे वजन असते. पाण्याच्या एका गॅलनचे वजन सुमारे ८.३ पौंड असल्याने २० गॅलनची टाकी भरताच १६६ पौंड वाढतात; त्यात गॅस सिलिंडर, बॅटरी, अंथरुणे, भांडी आणि (आपल्याकडे हमखास असणारा) कुकर आला की ३,४०० पौंडांचा आकडा सहज गाठला जातो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या हुकावर यावा लागतो. तो फार कमी असल्यास महामार्गावर ट्रेलर डुलू लागतो. हा ३४० पौंडांहून अधिक भार गाडीच्याच वहनक्षमतेतून वजा होतो. चालकाचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेले असते. तिथे १,१०० असेल आणि चौघांचे वजन ६२० भरत असेल, तर डिकीतल्या सामानासाठी जेमतेम १४० पौंड उरतात.