मानवी तस्करीविरोधी धोरणं: गुन्हेगार आधी, पीडित नंतर

तस्करीविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार पॅरिसमध्ये १९०४ साली झाला. रेल्वे स्थानकांवर आणि बंदरांवर पहारा ठेवायचा, वेश्याव्यवसायासाठी मुलींना कोण घेऊन चाललं आहे ते पाहायचं, असं सरकारांनी त्यात कबूल केलं. करार ‘गोऱ्या गुलामांच्या’ व्यापाराविरुद्ध होता, म्हणजे बाकीच्या मुली त्या नावातच बसत नव्हत्या. संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना असलेल्या राष्ट्रसंघाच्या १९२१ च्या करारात ‘स्त्रिया आणि मुलं’ असा शब्दप्रयोग आला. १९४९ चा संयुक्त राष्ट्रांचा करारही वेश्याव्यवसायापुरताच राहिला.

आजच्या बहुतेक देशांच्या कायद्यांचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे तस्करीवरच्या पूरक करारात आहे. त्याची व्याख्या तीन गोष्टी तपासते: माणसाची भरती करणं, नेणं किंवा ठेवून घेणं; त्यासाठी धाक, फसवणूक किंवा हतबलतेचा फायदा; आणि शोषणाचा हेतू. पीडित अल्पवयीन असेल तर मधली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. सक्तीची मजुरी आणि अवयव काढून घेणंही यात आलं, त्यामुळे शेतात किंवा मासेमारी नौकेवर डांबलेला पुरुषही पीडित ठरू लागला.

पण हा प्रोटोकॉल संघटित गुन्हेगारीविरोधी कराराला जोडलेला आहे, आणि त्याची भाषाही तशीच आहे. तस्करीला गुन्हा ठरवणं देशांवर बंधनकारक. निवारा, उपचार, समुपदेशन मात्र देशांनी ‘विचारात घ्यावं’ एवढंच. माझ्या मते पुढची बरीचशी ओढाताण या एका फरकातून आली. अनेक ठिकाणी मदत मिळायची ती साक्ष द्यायला तयार असलेल्यालाच. घरच्यांना धमक्या येत असताना साक्ष द्यायची कुणी?

इटलीने १९९८ मध्येच वेगळी वाट धरली होती: तक्रार दिली नाही तरी पीडिताला राहण्याचा परवाना मिळू शकत होता. युरोप परिषदेच्या (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) २००५ च्या करारात सावरण्यासाठी किमान ३० दिवस आले आणि मदतीला साक्षीची अट घालायची नाही, हेही ठरलं. धोरण प्रत्यक्षात कसं चाललं आहे हे पाहायला नेदरलँड्सने २००० मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिवेदक नेमला. २०११ च्या निर्देशाने युरोपीय संघाच्या सदस्य देशांना अशी व्यवस्था ठेवावी लागली.

या सगळ्याची सुरुवात पीडित ओळखण्यापासून होते. कागदपत्रं नसलेल्या माणसाची गाठ पहिल्यांदा पडते ती पोलिसाशी, कामगार निरीक्षकाशी किंवा डॉक्टरशी. त्याने फक्त बेकायदा प्रवेशाची नोंद केली, तर निवारा, वकील, सावरण्याचे दिवस यांतलं काहीच त्या माणसापर्यंत पोहोचत नाही.