फाती माळणे

फाती म्हणजे केळीच्या धाग्यात फुले गुंफून केलेली दाट वेणी. गोव्यात देवळात, जत्रेला किंवा लग्नाला निघण्यापूर्वी बायका ती अंबाड्याभोवती माळतात. वेणीफणी, साडी, कुंकू ही नटण्याची बाकी सगळी उस्तवार फुलांच्या वेळेवर बेतावी लागते.

अबोली जवळजवळ वर्षभर मिळते. तिला वास नाही, पण रंग खुलतो आणि ती टिकते. म्हणून वासासाठी तिच्यात मोगरा किंवा जाई घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाला थोडे दिवस सुरंगी येते. तिच्या कळ्या उमलण्याआधी सकाळीच काढाव्या लागतात. वाळली तरी सुरंगीचा वास जात नाही, म्हणून जुनी फाती कपड्यांत ठेवतात. पावसाळा जाईचा. म्हार्दोळच्या म्हालसा देवळात जायांची पूजा होते ती याच फुलांनी. जाईच्या कळ्या दुपारी खुडून लगेच गुंफल्या, तर संध्याकाळी त्या केसांतच उमलतात. उमललेली फुले गुंफायला घेतली, तर घरी परतेपर्यंत माना टाकतात.

केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, बारीक पट्टे सोलून वाळवतात आणि वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करतात. दोन फुले एका बाजूला, दोन उलट बाजूला, देठ एकमेकांवर, असे धरून धाग्याचा वेढा देतात व फास ओढतात. सगळे कसब या ओढीत आहे. फास सैल राहिला तर फुले निसटतात. जास्त आवळला तर अबोलीचा नाजूक देठ तुटतो. सुताचा दोरा अबोलीला कापतो, केळीचा धागा चपटा असल्याने कापत नाही. एका अंबाड्याला साधारण हातभर फाती पुरते. माळेपर्यंत ती केळीच्या पानात गुंडाळून ठेवावी आणि पाण्याचा नुसता हबका मारावा. भिजवली तर अबोली डागाळते. देवाला वाहायची फाती वेगळी काढतात, तिचा वास घेत नाहीत.

नुकत्याच धुतलेल्या केसांचा अंबाडा घसरतो. डोके आदल्या दिवशी धुवावे आणि विंचरताना खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. गोव्याच्या दमट हवेत कानाजवळच्या बटा उडतात, त्यांनाही तेवढेच तेल पुरे. जास्त लावले तर घामाबरोबर कपाळावर उतरते. साडी नेसून, पदर लावून झाल्यावरच फाती माळावी, नाहीतर पदर सारखा करताना फुले चुरगळतात. अंबाडा मानेवर बसवून चार-पाच आकडे टोचायचे, मग फाती खालून सुरू करून वर नेत पुन्हा खाली आणायची. दोन्ही टोकांचा सांधा अंबाड्याखाली लपतो. आकडा फुलात न टोचता दोन फुलांमधल्या धाग्यावरून केसांत घालावा.

कुंकू सर्वांत शेवटी. पूर्वी फणेरपेटीच्या झाकणातल्या आरशात पाहून आधी मेणाचा ठिपका, मग त्यावर पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, लावत. मेण फार झाले की उन्हात पातळ होऊन कुंकू नाकावर ओघळते. टिकलीमुळे हा भाग आता उरकतो. फाती मात्र स्वतःला दिसत नाही. त्यासाठी मोठ्या आरशाकडे पाठ करून हातातल्या लहान आरशात बघावे, किंवा घरातल्या कुणाला तरी मागून सारखी करायला सांगावे.