ट्रक वाकतो, आणि गणित तिथेच अडतं

एअर ब्रेकचं पेडल दाबल्याबरोबर ट्रकचा वेग कमी व्हायला लागत नाही. हवा नळ्यांमधून चाकांपर्यंत जाते, तिथल्या चेंबरमध्ये दाब तयार होतो आणि मग कुठे लायनर ड्रमवर घासू लागतात. यात साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी 90 किलोमीटर वेगाने चाललेला ट्रक तेवढ्यात 12 मीटर पुढे गेलेला असतो. ड्रायव्हरला धोका दिसून त्याचा पाय पेडलवर पडेपर्यंतचा सेकंद-दीड सेकंद तर अजून हिशेबात धरलेलाच नाही.

ब्रेक सुधारून मिळण्यासारखं होतं, त्यातलं बरंच मिळवून झालं आहे. अमेरिकेत भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रेलरला (इंजिन आणि केबिनचा पुढचा भाग म्हणजे ट्रॅक्टर, त्याने ओढलेला मालाचा पेटारा म्हणजे ट्रेलर) ताशी 60 मैलांवरून, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरवरून थांबायला पूर्वी 355 फुटांची मुभा होती. 2011 ते 2013 या काळात नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि बहुतेक ट्रॅक्टरांसाठी ती 250 फुटांवर, म्हणजे 76 मीटरवर आली. यापुढे वाचवायचा तो ब्रेकच्या आधीचा वेळ. पुढे काहीतरी बिनसलंय, हे ड्रायव्हरला लवकर कळायला हवं.

रडार आणि कॅमेरा हे काम काही प्रमाणात करतात. युरोपात नोव्हेंबर 2015 पासून बहुतेक नव्या अवजड वाहनांना आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक सक्तीचा आहे आणि तो उपयोगी आहे यात शंका नाही. पण रडार असो की कॅमेरा, दोघांनाही समोर नजर पोहोचावी लागते. तीन गाड्यांच्या पुढे कोणी करकचून ब्रेक दाबला, किंवा इमारतीच्या आडून चौकात कोणी भरधाव घुसतंय, हे त्यांना बहुधा उशिराच समजतं. ट्रकच्या मागे चालणाऱ्याला तर पुढचं काहीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त ट्रेलरची दारं असतात.

रेडिओची कल्पना इथे पुढे येते. प्रत्येक गाडीने सेकंदाला दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडायचा: मी इथे आहे, माझा वेग इतका, तोंड या दिशेला, ब्रेक दाबलेला आहे किंवा नाही, माझी लांबी-रुंदी अमुक. सुमारे 300 मीटरच्या टप्प्यातल्या गाड्या तो ऐकतात आणि आपली वाट त्या गाडीच्या वाटेला कुठे छेदते का, याचा हिशेब आपापल्या संगणकावर करतात. मोबाइलचा टॉवर नाही की मध्यवर्ती सर्व्हर नाही, गाडी थेट गाडीशी बोलते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर शहरात, सुमारे 2800 वाहनांवर ही यंत्रणा बसवून रोजच्या रहदारीत तिची चाचणी सुरू झाली. त्यांत मोटारींबरोबर ट्रक आणि बसही होत्या.

मोटारीवर जमलं ते ट्रकवर बसवायचं, म्हणजे डबा थोडा मोठा आणि वायर थोडी लांब, एवढंच काम उरलं असेल असं वाटू शकतं. प्रत्यक्षात ट्रकने जवळजवळ प्रत्येक गृहीतक मोडलं.

अँटेनाचंच पाहा. मोटारीच्या टपावर मधोमध एक अँटेना लावला की चारी दिशांना बोलता येतं. ट्रकच्या केबिनवर तो लावला, तर पाठीमागे ट्रेलरची धातूची उंच भिंत उभी असते. या संदेशांची तरंगलांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, त्यामुळे एवढ्या मोठ्या पेटाऱ्याला वळसा घालून मागे जाणं त्या लहरींना जमत नाही. मग दोन अँटेना घेऊन ते दोन्ही बाजूंच्या आरशांपाशी बसवावे लागतात, म्हणजे निदान ट्रेलरच्या कडेने मागचं ऐकू येतं. तरीही ट्रेलरला अगदी चिकटून मागे चाललेली गाडी रेडिओच्या सावलीत राहू शकते. ज्याला इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच!

मला सर्वांत रंजक वाटतो तो दुसरा घोळ. मोटार संदेशात स्वतःला एका आयताच्या रूपात मांडते आणि तोंड वळलं की आयतही वळतो. मोटार खरोखरच एकसंध असल्यामुळे त्यात काही चुकत नाही. अर्ध-ट्रेलर ट्रक मात्र मधोमध वाकतो. त्याने ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून एकच लांबलचक आयत सांगितला, तर गर्दीत खांद्यावर शिडी घेऊन वळणाऱ्या माणसासारखं होतं: मान इकडे वळते आणि शिडीचं टोक तिकडे कोणाच्या तरी कपाळावर. अमेरिकेत सर्रास दिसणारा ट्रेलर 53 फुटी, म्हणजे सुमारे 16 मीटरचा असतो. ट्रॅक्टरचं तोंड 20 अंशांनी वळलं की कागदावरच्या या ताठ आयताचं शेपूट साडेपाच मीटर बाजूला फेकलं जातं. तिथल्या महामार्गावरची लेन सुमारे 3.6 मीटरची. म्हणजे खरा ट्रेलर आपल्या लेनमध्ये शहाण्यासारखा चाललेला असताना शेजारच्या गाडीत मात्र ‘ट्रक अंगावर येतोय’ म्हणून घंटा वाजते. लांबी फक्त ट्रॅक्टरपुरती सांगितली, तर उलटा अनर्थ होतो. सोळा मीटरचा ट्रेलर संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसतो आणि शेजारची गाडी बिनधास्त त्याच्या जागेत वळू पाहते.

यावर तोडगा म्हणजे दोन आयत आणि त्यांच्यामधला कोन. संदेशाच्या प्रमाणित मांडणीत ट्रेलरसाठी आणि तो जिथे जोडलेला आहे त्या बिंदूसाठी जागा ठेवलेली आहे. कोन सेन्सरने मोजता येतो, किंवा ट्रॅक्टर गेल्या काही सेकंदांत कुठून कसा आला यावरून भूमितीने काढता येतो. ट्रेलर ओढला जात असतो तोवर हे गणित चांगलं चालतं. उलट्या दिशेने ट्रक मागे घेताना ते फार लवकर भरकटतं.

पण कोन काढायला आधी ट्रेलर कोणता हे माहीत हवं ना! ट्रॅक्टर आज एक लांब ट्रेलर ओढतो, उद्या 28 फुटांचे दोन, परवा नुसताच धावतो. ट्रेलर बहुतेक वेळा मुका असतो. अमेरिकेत 2001 पासून नव्या ट्रेलरच्या एबीएसमध्ये बिघाड झाला की त्याचा दिवा केबिनमध्ये लागावा असा नियम आहे. त्यासाठी वेगळी वायर न टाकता विजेच्याच वायरीवरून बारीकसा संकेत पाठवण्याची युक्ती निघाली. दिव्यापुरती ती पुरेशी आहे, पण ‘माझी लांबी इतकी, चाकं इथे, माल इतका’ एवढा तपशील सांगणारे ट्रेलर फार थोडे. प्रत्येक ट्रेलरवर ओळख सांगणारं यंत्र बसवावं म्हटलं, तर ट्रॅक्टरांपेक्षा ट्रेलरांची संख्या कितीतरी जास्त, त्यातले अनेक आठवडेच्या आठवडे आवारात पडून, आणि मालक बरेचदा वेगळा. शेवटी लांबी ड्रायव्हरनेच केबिनमध्ये भरायची हा स्वस्त उपाय उरतो. दिवसाच्या तिसऱ्या जोडणीला, पावसात, तो ती न चुकता भरेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

इशारा कधी द्यायचा, हाही प्रश्न ट्रकसाठी वेगळा आहे. रिकामा ट्रक आणि अमेरिकेतल्या 80,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 36 टनांच्या मर्यादेपर्यंत भरलेला ट्रक, यांना एकाच क्षणी इशारा देऊन चालत नाही. वळणांवर तर वजनाइतकीच त्याची उंची महत्त्वाची ठरते. उंच भरलेला ट्रक गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 0.35 पट आडव्या त्वरणाला कलंडू शकतो. सपाट रस्त्यावर 100 मीटर त्रिज्येचं वळण असेल, तर हिशेबाने ही मर्यादा ताशी 67 किलोमीटरच्या आसपास येते. मोटार त्या वेगाला आरामात निघून जाते, म्हणून वळणाचा धोका मागून येणाऱ्या मोटारवाल्याच्या ध्यानातही येत नाही.

वळणाचा इशारा द्यायला दुसरी गाडी लागत नाही, रस्त्याच्या कडेचं यंत्रही ‘पुढे अमुक त्रिज्येचं वळण’ असं सांगू शकतं. कमी उंचीच्या पुलांचंही तसंच. बॅटेल या संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली अमेरिकी परिवहन खात्यासाठी जे रेडिओने बोलणारे ट्रक तयार झाले, त्यांत टक्कर आणि लेन बदलण्याच्या इशाऱ्यांबरोबर वळणाचा वेग आणि पुलाची उंची हेही होतं. मात्र इशारा दिला म्हणजे काम झालं, असं समजायचं कारण नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम शहरात 11 फूट 8 इंच उंचीचा एक रेल्वे पूल प्रसिद्ध आहे. पाट्या लावल्या, उंच वाहन ओळखणारे सेन्सर लावले, त्यांच्या जोडीला सिग्नल लाल केला, तरी ट्रकांची टपं सोलून निघतच राहिली. 2019 मध्ये पूलच 8 इंच उचलला, तरीही अधूनमधून कोणीतरी जाऊन धडकतंच.

खोट्या संदेशांची भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर बऱ्यापैकी तयार आहे. प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते आणि पाळत ठेवता येऊ नये म्हणून सहीचं प्रमाणपत्र सतत बदलतं. अमेरिकी रचनेत गाडीला आठवड्याला अशी 20 प्रमाणपत्रं मिळतात.

खरी अडचण संख्येची आहे. टक्कर टाळायला दोन्ही गाड्यांकडे रेडिओ हवा. रस्त्यावरच्या 10 टक्के गाड्यांवर तो असेल, तर समोरासमोर येणाऱ्या दोघांकडेही असण्याची शक्यता 10 नव्हे, 1 टक्का असते. 30 टक्क्यांवर पोहोचलात तरी 9. सुरुवातीच्या ग्राहकाने पैसे मोजायचे आणि फायदा पुढच्यांनी घ्यायचा, अशा सौद्यात सक्तीखेरीज गाडी पुढे सरकत नाही. मोटारींसाठी तशी सक्ती करण्याचा प्रस्ताव अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने डिसेंबर 2016 मध्ये मांडला आणि 2023 मध्ये मागे घेतला. त्या प्रस्तावात अवजड ट्रक नव्हतेच. मोठ्या ट्रकांच्या अपघातांत तिथे अलीकडे वर्षाला पाच हजारांहून अधिक माणसं मरतात आणि त्यांतली सुमारे 70 टक्के दुसऱ्या वाहनांतली असतात, हे पाहता हा क्रम मला उलटा वाटतो.

त्यातच पायाखालची जागाही हलली. 1999 मध्ये या कामासाठी 5.9 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात 75 मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. 2020 मध्ये त्यातले 45 वायफायसारख्या वापरासाठी गेले. उरलेल्या 30 मध्ये मोबाइल तंत्रज्ञानातून आलेली नवी पद्धत चालेल असं ठरलं आणि तिचे अंतिम नियम नोव्हेंबर 2024 मध्ये आले. वर्षानुवर्षांच्या बहुतेक चाचण्या जुन्या, वायफायच्या कुळातल्या पद्धतीवर झाल्या होत्या आणि दोन्ही पद्धतींना एकमेकींची भाषा समजत नाही. आयतांची भूमिती आणि इशाऱ्यांची गणितं नव्या रेडिओवरही वापरता येतात, पण यंत्रं बदलावी लागतात.

म्हणूनच मला सर्वांत शहाणा प्रयोग वायोमिंग राज्याचा वाटतो. तिथल्या आय-80 महामार्गावर, 402 मैलांच्या पट्ट्यात, रहदारीचा मोठा हिस्सा ट्रकांचा आहे. रस्ता समुद्रसपाटीपासून 8,600 फुटांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यातला वारा उंच, रिकामे ट्रेलर आडवे करतो. 2015 मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी हे एक. योजना होती रस्त्याकडेची सुमारे 75 यंत्रं आणि 400 वाहनांची. एवढ्या थोड्या गाड्यांत एकमेकींना गाठणाऱ्या जोड्या किती निघणार? म्हणून भर दिला तो रस्त्याकडून ट्रकला मिळणाऱ्या माहितीवर: पुढे धुकं, पुढे बर्फ, पुढे काम चालू. यासाठी शेजारच्या गाडीत रेडिओ असावाच लागत नाही. आणि मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणी ट्रक अडकला, तर त्याची मदतीची हाक जवळून जाणाऱ्या रेडिओवाल्या गाडीने झेलायची आणि पुढच्या यंत्रापाशी पोहोचली की तिथे उतरवायची, अशीही सोय त्यात होती. तिथे दुसरी गाडी दहा मिनिटांनी आली तरी काम भागतं.