वरळीच्या मनोऱ्यापासून चोवीस तासांपर्यंत: मराठी टीव्ही बातम्यांतल्या अदलाबदलीची पार्श्वभूमी

ओळखीचा वृत्तनिवेदक एका वाहिनीवरून दिसेनासा होतो आणि काही दिवसांनी दुसरीकडे दिसू लागतो. संपादक राजीनामा देतात, वाहिनीचं नावच बदलतं. मराठी प्रेक्षकाच्या हे आता अंगवळणी पडलं आहे. पण ही ये-जा सुरू होऊन फार तर पंचवीस वर्षं झाली. त्याआधी कुणी जाणार तरी कुठे? मराठी बातम्या दाखवणारं घर एकच होतं.

ते घर म्हणजे मुंबई दूरदर्शन. 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून त्याचं प्रक्षेपण सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही ते दिसू लागलं. दूरदर्शन तेव्हा स्वतंत्र नव्हतं, आकाशवाणीचाच एक भाग होतं. 1 एप्रिल 1976 ला ते वेगळं झालं. साहजिकच सुरुवातीच्या बातम्यांवर रेडिओची छाप होती: शुद्ध उच्चार, संथ लय, चेहऱ्यावर संयम. बातमीदाराने आणलेली फिल्म आधी धुवावी लागे, मगच ती पडद्यावर जाई. त्यामुळे बातमीचा खरा भार वाचणाऱ्याच्या आवाजावर असे.

हे वाचणारे कोण होते, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे. यांतलं कुणी साहित्यातलं, कुणी रंगभूमीवरचं. बरेच जण दूरदर्शनचे पगारी नोकर नव्हते, ठरलेल्या पाळीला येऊन बातम्या वाचून जायचे. पोट त्या खुर्चीवर अवलंबून नसल्यामुळे ही माणसं तिथे वर्षानुवर्षं टिकली. स्मिता पाटील सिनेमात गेल्या त्याही याच खुर्चीवरून उठून. प्रदीप भिडे मात्र सत्तरच्या दशकात आले आणि कित्येक दशकं तिथेच राहिले. 7 जून 2022 रोजी ते गेले तेव्हा दूरदर्शनसमोर बसून मोठ्या झालेल्या पिढीला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, ते उगाच नाही.

पहिला धक्का दिल्लीहून आला. 15 ऑगस्ट 1982 पासून उपग्रहामार्फत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. मराठीच्या वाट्याला संध्याकाळ उरली. स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी मिळायला 15 ऑगस्ट 1994 उजाडावा लागला. तिचंच पुढे, 2000 मध्ये, सह्याद्री असं बारसं झालं.

तोवर बाहेरचं जग बदललं होतं. 1991 च्या आखाती युद्धानंतर मुंबईत गच्च्यांवर डिश दिसू लागल्या आणि गल्लीबोळांतून केबलच्या तारा लोंबू लागल्या. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू नये, असा निकाल दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभा राहिलेला तो खटला. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, याचा मराठी माणूस म्हणून मला आजही अभिमान वाटतो.

15 ऑगस्ट 1999 ला अल्फा टीव्ही मराठी आली, जुलै 2000 मध्ये ई टीव्ही मराठी. ई टीव्हीच्या बातम्यांचं डेस्क होतं हैदराबादजवळ, रामोजी फिल्म सिटीत. महाराष्ट्रातली तरुण मुलं-मुली घर सोडून तिथे राहायची आणि सांगली, जालना, गडचिरोलीच्या बातम्या तेलुगू मुलखातून वाचायची. आज वेगवेगळ्या वाहिन्यांवर दिसणाऱ्या अनेकांची उमेदवारी तिथे झाली. जिल्ह्याजिल्ह्यातली बातमी रोज पडद्यावर यावी, ही सवयही बऱ्याच अंशी ई टीव्हीने लावली. तिचं हे श्रेय पुरेसं मान्य होत नाही, याची खंत वाटते.

पुढे गर्दीच झाली. 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा, 2008 मध्ये आयबीएन लोकमत आणि साम. अनुभवी माणसं मोजकी आणि खुर्च्या एकदम कितीतरी, मग ओढाओढ अटळच होती.

नावं का बदलली, याचं उत्तर बहुतेक वेळा मालकीत सापडतं. 2003 मध्ये केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांतल्या परकीय गुंतवणुकीला 26 टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणून परदेशी मालकीच्या स्टारने आपल्याकडे 26 टक्के ठेवून कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाशी भागीदारी केली. 2012 मध्ये स्टारचं नाव वापरण्याचा करार संपला आणि 1 जून 2012 पासून स्टार माझाची एबीपी माझा झाली. न्यूजरूम तीच, माणसंही बरीचशी तीच. 2014 मध्ये रिलायन्सने नेटवर्क 18 समूह ताब्यात घेतला. त्याच वर्षी, याच समूहाची भागीदारी असलेल्या आयबीएन लोकमतचे संस्थापक-संपादक निखिल वागळे बाहेर पडले. वाहिनी पुढे न्यूज 18 लोकमत झाली, तर ई टीव्ही मराठीची 2015 मध्ये कलर्स मराठी.

वाहिनी काढण्यापेक्षा ती घरोघरी दिसणं महाग, हेही लक्षात घ्यायला हवं. जुन्या केबलमध्ये मोजक्याच वाहिन्या मावत, त्यामुळे जागेसाठी केबलवाल्यांना कॅरेज फी मोजावी लागे. 2012 च्या अखेरीस मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत. जागा वाढली, पण तो खर्च पुरता सुटला नाही. पैसा वितरणात गेला की कात्री बातमीदारीवर चालते. स्टुडिओतली चर्चा स्वस्त पडते, म्हणून ती वाढली.

1 मे 2024 ला एनडीटीव्ही मराठी सुरू झाली, तेव्हाही कोण कुठून कुठे गेलं याची चर्चा रंगली. या चर्चेत तालुक्याचा स्ट्रिंगर कधीच नसतो. त्याला पगार नाही, बातमी लागली तर तिचे पैसे. पूर असो, अपघात असो, बाजार समितीतलं आंदोलन असो, मोबाइलवर चित्रण करून आधी पाठवतो तोच. मुंबईत मालक बदलला की कुरिअरने नवा बूम, म्हणजे वाहिनीचं नाव असलेला माईक, येतो, जुना तो कपाटात ठेवतो आणि त्याच रस्त्यावर पुन्हा उभा राहतो.