थंडीत गाडी आयडलला का मरते: चोकची जुनी गोष्ट

थंडीत सकाळी मोटरसायकल स्टार्ट होते, दोन-चार सेकंद धडधडते आणि रेस सोडली की बंद पडते, परत स्टार्ट, परत बंद, आणि पाच मिनिटं चालवून इंजिन तापलं की जणू काही झालंच नव्हतं. यावर बहुतेक जण पहिला हात घालतात तो आयडलच्या (म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणाऱ्या) स्क्रूला. मीसुद्धा बरीच वर्षं हेच केलंय. स्क्रू आत घेतला की सकाळी गाडी टिकते खरी, पण मग दुपारी सिग्नलला उभं राहिलं की इंजिन उगाच भुंकत राहतं आणि खरा दोष आहे तिथेच राहतो. हा दोष नीट कळायचा असेल तर थोडं मागे जावं लागतं, कारण तुमची गाडी कुठल्या काळातली आहे यावर दोष कुठे शोधायचा हे बरंचसं ठरतं.

मूळ भानगड पेट्रोलची आहे. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, शेकडो घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उडायला लागतात आणि जड घटकांना २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. आणि जळते ती वाफ, थेंब नाही. गरम इंजिनात हवेच्या १४.७ भागांना पेट्रोलचा १ भाग (वजनाने) हे प्रमाण पुरतं, पण थंड इंजिनात आत गेलेलं बरंच पेट्रोल मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या गार भिंतींना ओलं चिकटून बसतं, फक्त हलके घटक वाफ होतात, म्हणजे कागदावर मिक्श्चर बरोबर असलं तरी प्लगपाशी पोचतं ते लीनच, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. त्यात ऑइल घट्ट झालेलं असतं त्यामुळे इंजिन फिरवायलाच जास्त जोर लागतो. म्हणून थंडीत जादा पेट्रोल द्यावंच लागतं, चोकचं काम हेच. ते कोणी द्यायचं, चालवणाऱ्याने की गाडीने, हाच प्रश्न गेली शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे.

१८८५ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी जी लाकडी सांगाड्याची मोटरसायकल बनवली, २६४ सीसी आणि जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर, तिच्यात कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) होता तो आजच्यासारखा फवारा मारणारा नव्हता. त्या पद्धतीत हवा पेट्रोलवरून जायची आणि जाता जाता वाफ उचलून न्यायची, बस्स. त्यात एक मोठी अडचण होती, हलके घटक आधी उडून जायचे आणि खाली उरलेलं पेट्रोल दर तासाला जास्त जड होत जायचं, म्हणजे थंडीत सुरू व्हायला आणखी नाखूश. १८९३ मध्ये मायबाखने जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल फवारायचा कार्ब्युरेटर आणला, आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही तशाच कल्पनेचं पेटंट घेतलं. तिथून पुढे पेट्रोल किती जाईल हे जेटच्या भोकावर ठरायला लागलं. भोक मात्र एकाच मापाचं, इंजिन गार असो की गरम.

मग जादा पेट्रोल द्यायचं काम माणसाच्या बोटावर आलं, अगदी शब्दशः. १९२७ मध्ये तीन ब्रिटिश कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र येऊन अमाल झाली, आणि पुढे कित्येक दशकं ब्रिटिश गाड्यांवर तोच कार्ब्युरेटर दिसायचा. त्याच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) भांड्यावर एक छोटं बटण असायचं, टिकलर. ते दाबून धरायचं म्हणजे फ्लोट खाली दबतो, पेट्रोल वाढत वाढत बाहेर ओघळतं आणि बोट ओलं झालं की समजायचं पुरे. बऱ्याच गाड्यांना हँडलवर हवेचं वेगळं लिव्हर असायचं, कुठे कुठे स्पार्क मागेपुढे करायचंही. गाडी सुरू करणं म्हणजे एक छोटा विधीच होता, पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: चालवणाऱ्याला इंजिन काय मागतंय हे कळायचं. गार असताना हवेचं लिव्हर बंद, मग तापेल तसं हळूहळू उघडायचं, कानाने ऐकत. थंडीतलं आयडलिंग तेव्हा पूर्णपणे माणसाच्या हातात होतं.

जपानी गाड्यांनी हा विधी एका लिव्हरवर आणला. आपण त्याला चोक म्हणतो, पण बहुतेक जपानी कार्ब्युरेटरमध्ये हवा अडवणारी झडप नसतेच, एक वेगळी बारीक वाट असते, लिव्हर ओढलं की एक छोटा प्लंजर वर उचलला जातो आणि त्या वाटेने जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या बाजूला थेट जातं. हे का सांगतोय तर ही वाट चालते ती थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) बंद असताना इंजिन जोरात ओढतं त्या व्हॅक्यूमवर. रेस दिली की व्हॅक्यूम पडतो आणि जादा पेट्रोल येणंच कमी होतं. म्हणजे चोक ओढून वर रेस पिरगाळत बसलं तर आपणच चोकचा परिणाम मारतो! किती तरी लोक अशा वेळी चोक खराब झाला म्हणतात आणि चोक बिचारा बरोबर असतो. पण खराब होतोही, प्लंजरच्या तोंडाचं रबर झिजतं, केबल अडकून प्लंजर पूर्ण वर येत नाही, किंवा तळाची बारीक जेट बुजते, आणि तेव्हा गार असताना चोक ओढा नाहीतर ओढू नका, गाडीला फरकच पडत नाही. हीच त्याची तपासणी.

यानंतरचा बदल माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. अमेरिकेत १९७८ पासून नव्या मोटरसायकलींना धुराचे नियम लागू झाले, १९८० पासून मर्यादा किलोमीटरला ५ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि १२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. आयडलला आणि कमी रेसला जळायचं राहिलेलं पेट्रोल बाहेर पडतं, म्हणून कंपन्यांनी पायलट जेटचं (आयडलला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचं) मिक्श्चर अगदी काठावर लीन केलं, आणि कोणी छेडू नये म्हणून मिक्श्चर स्क्रूवर पितळी टोपण ठोकून टाकलं. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आधीच्या गाड्यांत जी ढिलाई होती ती गेली. जुन्या गाडीत पायलट जेट थोडी बुजली तरी चालून जायचं, या गाड्यांत नाही. हिशोब करून बघा, केहिन कार्ब्युरेटरची ३८ नंबरची पायलट जेट म्हणजे भोक ०.३८ मिलिमीटर, त्यात वाळलेल्या पेट्रोलचा इतकासा थर बसला की ते ०.३४ झालं, तर क्षेत्रफळ जवळजवळ २० टक्के घटतं. डोळ्याला भोक आरपार दिसतं, उजेड दिसतो, आपण म्हणतो साफ आहे, आणि गाडी सकाळी मरतेच. कार्ब्युरेटर उघडला असेल तर पायलट जेटकडे नुसतं बघू नका, नीट धुवा, नाहीतर सरळ नवी टाका.

मिक्श्चर स्क्रूचाही घोटाळा इथेच होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, आत घेतला की मिक्श्चर रिच होतं (म्हणजे पेट्रोल जास्त), आणि इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो, बाहेर काढला की रिच. उलटसुलट केलं तर थंडीत आणखी वाईट. आणि हे सगळं करायच्या आधी इनलेटचं (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारं) रबर बघा, त्याला चीर गेली असेल तर तिथून फुकटची हवा येते, गारठ्यात रबर कडक होऊन चीर आणखी उघडते आणि तापल्यावर थोडी मिटते, म्हणून गरम गाडीत ते लक्षातच येत नाही. टॅपेट फार टाइट झाले असतील (म्हणजे व्हॉल्व्हपाशी फट उरली नसेल) तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, कॉम्प्रेशन गळतं, त्याचाही पहिला पुरावा सकाळीच मिळतो.

मग कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक हुकमाने पेट्रोल फवारणं. १९८० ची कावासाकी झेड १००० एच१, १९८२ ची होंडा सीएक्स ५०० टर्बो, १९८३ ची बीएमडब्ल्यू के१००, सुरुवातीला मोठ्या महाग गाड्यांनाच. छोट्या गाड्यांपर्यंत यायला बराच काळ गेला आणि त्यामागेही नियमच होते. युरोपात २००६ च्या युरो ३ या धुराच्या नियमापासून धूर मोजणं इंजिन गार असतानाच सुरू करायला लागले, आधी इंजिन तापवून मग मोजायचे. म्हणजे जी पहिली काही मिनिटं आजवर हिशोबातच नव्हती तीच मुख्य झाली, आणि चोक चालवणाऱ्याच्या हातात ठेवणं परवडेना. जादा पेट्रोल द्यायचं काम आता ईसीयूकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे गेलं.

ईसीयूला गारठा कळतो तो इंजिनाच्या टेंपरेचर सेन्सरमुळे. हा सेन्सर म्हणजे असा रेझिस्टर की गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. सेन्सर चुकीचं सांगायला लागला, इंजिन गार असून गरम आहे म्हणाला, की ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि गाडी तशीच मरते जशी चोकशिवायची जुनी गाडी मरायची. धुराच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर इथे मदतीला येत नाही, तो स्वतः तापेपर्यंत मुका असतो. दुसरं ठिकाण म्हणजे आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह, गार असताना तो जास्त हवा सोडून आरपीएम वर ठेवतो, त्यात काजळी जमली की अडकतो. थ्रॉटल बॉडी आणि हा व्हॉल्व्ह क्लीनरने साफ केल्यावर किती तरी गाड्या सरळ होतात, महागडे पार्ट बदलायच्या आधी एवढं तरी कराच.

पेट्रोलही आता तेच राहिलेलं नाही, त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्यात पेट्रोलसारखे लवकर उडणारे हलके घटक नाहीत आणि वाफ व्हायला ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता ओढतं, वर पाणी शोषून घेतं. पायलट जेट आधीच लीन असलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हे जाणवतं, विशेषतः गाडी महिनाभर उभी असेल तर. उभी ठेवायची असेल तेव्हा फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

आणि गॅरेजला दाखवायची असेल तर आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि बजावून सांगा की सकाळी तुम्ही समोर असल्याशिवाय कोणी स्टार्ट करायची नाही. चालवत नेलेली गाडी तापलेली असते, तिथे ती एकदम छान आयडल होते आणि मॅकॅनिक म्हणतो काही नाही झालंय.