या वयात पित्ताशयाचं ऑपरेशन? या धास्तीचा इतिहास

ठाण्यात नौपाडा असो की घोडबंदर रोड, पंच्याहत्तरीच्या आजींना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आता या वयात कशाला कापाकापी?" ही धास्ती उगाच आलेली नाही.

कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा पित्ताशय काढलं. रुग्ण ४३ वर्षांचा होता. पुढची शंभर वर्षं पद्धत तीच राहिली, उजव्या बरगडीखाली मोठा छेद. वयस्कर माणसाला जड जायचे ते नंतरचे दिवस. टाके दुखतात म्हणून खोल श्वास नाही, खोकणं नाही. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया, पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या. ज्यांनी घरातलं माणूस असं गमावलं, ते पुढच्या वेळी नको म्हणणारच.

१९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९० मध्ये डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, भारतात पहिल्यांदा. तरी सुरुवातीला वृद्धांना दुर्बिणीपासूनही लांबच ठेवत. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवावं लागतं आणि त्या दाबाचा ताण हृदयावर, फुफ्फुसांवर येतो. भूलशास्त्र सुधारलं, वायूचा दाब कमी ठेवून काम होऊ लागलं, तेव्हा कुठे ही अट सैलावली.

पित्ताशयात खडे असूनही काहीच त्रास नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण एकदा दुखून गेल्यावर थांबणं मला धोक्याचं वाटतं. खडा पित्तनलिकेत सरकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि घाईतलं ऑपरेशन म्हाताऱ्या शरीराला फार महागात पडतं. त्यातून वृद्धांमध्ये लक्षणं फसवी असतात. ताप नसतो, पोट फारसं दुखत नाही, नुसतं जेवण तुटतं. घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून गोळी देत राहतात.

जोखमीच्या रुग्णाच्या पित्ताशयाला सूज असताना त्यात नळी घालून नुसतं पित्त काढायचं आणि ऑपरेशन टाळायचं, हा मधला मार्ग बरीच वर्षं सुरक्षित मानला गेला. नेदरलँड्समध्ये तीव्र सूज असलेल्या अशा रुग्णांवर दोन्ही उपाय ताडून पाहिले. २०१८ च्या निष्कर्षांनुसार नळी घातलेल्या ६५ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली, दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. अत्यवस्थ रुग्ण मात्र त्या पाहणीत घेतलेच नव्हते. त्यांच्यासाठी नळीचा पर्याय आजही वापरला जातो.