चिनी संगीतनाट्य व त्याच्या प्रादेशिक शैली

चीनमधील पारंपरिक संगीतप्रधान रंगभूमी. चिनी भाषेत तिला ‘शीछू’ म्हणतात. गाणे, लयीत म्हटलेले संवाद, हावभाव आणि लढाईच्या कसरती ही चारही अंगे नटाला यावी लागतात, तरी मान पहिला गाण्याचा. जुना बीजिंगकर नाटक पाहायला नव्हे, ऐकायला जात असे. डोळे मिटून ताल धरणारा प्रेक्षकच खरा जाणकार समजला जाई. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत या रंगभूमीचे ३४८ प्रकार नोंदले गेले. त्यांतला पीकिंग ऑपेरा (जिंगज्यू) जगाला ठाऊक आहे, आणि परदेशी लेखनात बरेचदा तोच सगळी चिनी रंगभूमी म्हणून उभा केला जातो. प्रत्यक्षात तो या घराण्यातला बराच धाकटा सदस्य आहे.

हे प्रकार कथानकांवरून वेगळे ठरत नाहीत. ‘तीन राज्यां’च्या काळातील लढाया, न्यायी अधिकारी बाओ चंग, अन्यायाने मारली गेलेली सून, विद्वान तरुण आणि त्याची प्रेयसी हे विषय उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत फिरतात. पोशाख, पात्रांचे प्रकार, रंगमंचावरचे संकेत हेही बरेचसे सामाईक आहेत. फरक आहे तो बोलीचा आणि चालींचा. चिनी भाषेत उच्चाराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि हे चढउतार बोलीगणिक निराळे असतात. एका प्रांताच्या बोलीवर बांधलेली चाल दुसऱ्या प्रांतातल्या शब्दांवर तशीच बसवली तर शब्द ओळखूच येत नाहीत. म्हणून चाल प्रवासाला निघाली की मुक्कामाच्या ठिकाणी तिला नव्याने घडावे लागते, आणि त्यातून नवा प्रकार जन्माला येतो.

या कलेचा उगम थांग सम्राट श्वानझोंग (कारकीर्द ७१२–७५६) याने नासपतीच्या बागेत वसवलेल्या दरबारी संगीतशाळेत शोधण्याची परंपरा आहे. नट स्वतःला आजही ‘नासपतीच्या बागेचे शिष्य’ म्हणवतात. पण संपूर्ण कथा सांगणारे नाटक आकाराला आले ते नंतर : सोंग काळात दक्षिणेकडील वनचौ परिसरात, आणि मंगोल अंमलातील युआन काळात उत्तरेत. युआन नाटके साधारण चार अंकांची असत आणि त्यांत बहुधा एकच प्रमुख पात्र गात असे. ग्वान हानछिंगचे ‘दोउ अ’ या निरपराध विधवेवरील नाटक याच काळातले.

सोळाव्या शतकात सुचौजवळच्या खुनशान येथील चालींना वेई ल्यांगफू या गायकाने संथ, घोटीव रूप दिले. हाच ‘खुन्छू’. बांबूची बासरी हे त्याचे मुख्य वाद्य. एकेका अक्षरावर स्वरांची लांबच लांब वळणे घेतली जातात आणि पद्यरचना विद्वानांच्या वाचनासाठीही लिहिलेली असते. थांग श्येनझूचे ‘मुदान थिंग’ (१५९८) हे या शैलीचे शिखर. स्वप्नात भेटलेल्या तरुणासाठी झुरून मेलेली आणि प्रेमाच्या बळावर पुन्हा जिवंत झालेली तरुणी अशी त्याची कथा आहे. त्याचे ५५ प्रवेश सलग करायचे तर दिवसच्या दिवस लागतील. त्यामुळे निवडक प्रवेश सुटे करण्याची पद्धत पडली आणि नटांचे सारे कसब त्या सुट्या प्रवेशांत एकवटले.

छिंग राजवटीत दरबाराने खुन्छूला ‘अभिजात’ ठरवले आणि बाकी सगळ्या प्रांतिक चालींना एकत्रितपणे ‘सरमिसळ’ म्हटले. प्रेक्षकांचे मत वेगळे होते. अठराव्या शतकाच्या मध्यातील एक लेखक नोंदवतो, की राजधानीतल्या लोकांना वायव्येकडच्या चाली आवडतात. खुन्छू सुरू झाले की ते गलका करत उठून जातात. १७७९ मध्ये सिच्वानचा स्त्रीपार्टी नट वेई छांगशंग बीजिंगला आला आणि त्याने याच वायव्येकडच्या चालींनी शहराला इतके वेड लावले, की काही वर्षांतच सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. बंदीने रिकामी झालेली जागा फार काळ रिकामी राहिली नाही. १७९० मध्ये सम्राट छ्येनलोंगच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त आन्हुई प्रांतातली सान्छिंग मंडळी राजधानीत आली, तिच्यामागून आणखी मंडळ्या आल्या, आणि पुढे हुबे प्रांतातले नटही त्यांना मिळाले. आन्हुईच्या मंडळ्यांबरोबर आलेली गंभीर ‘अर्ह्वांग’ आणि हुबेकरांची चपळ ‘शीपी’ या दोन चालींच्या मिलाफातून, बीजिंगच्या उच्चारांचा संस्कार होऊन, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पीकिंग ऑपेरा उभा राहिला. राष्ट्राची म्हणून मिरवली जाणारी ही कला मुळात परगावच्या नटांनी पोटासाठी केलेली जुळवाजुळव होती. तिला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती राजमाता त्सशीच्या काळात.

पात्रांचे चार मुख्य वर्ग आहेत : शंग (पुरुष), दान (स्त्री), जिंग (रंगवलेल्या चेहऱ्याचा धिप्पाड पुरुष) आणि चोउ (विदूषक). नट लहानपणीच एका वर्गात घातला जातो आणि सहसा आयुष्यभर त्यातच राहतो. जिंगच्या चेहऱ्यावरचा रंग स्वभाव सांगतो : लाल ग्वान यू निष्ठावंत, काळा बाओ चंग निःस्पृह, पांढरा त्साओ त्साओ कपटी. विदूषकाच्या नाकाभोवती फक्त पांढरा ठिपका असतो.

नेपथ्य म्हणजे एक मेज आणि दोन खुर्च्या. चाबूक हातात घेतला की घोडा आला. वल्हे घेतले की नदी. सिच्वानी ‘छ्यूच्यांग’ या प्रवेशात म्हातारा नावाडी आणि घाईत असलेली तरुण जोगीण रिकाम्या मंचावर अशी काही वरखाली होतात, की लाटांवर हेलकावणारी नाव प्रेक्षकाला दिसू लागते. ‘सान्छाखोउ’मध्ये दोघे जण काळोख्या खोलीत एकमेकांना चाचपडत लढतात, तेही लख्ख उजेडात. या पद्धतीत सूत्रे दिग्दर्शकाच्या नव्हे, तर छोटा ढोल वाजवणाऱ्याच्या हाती असतात. नटाचे पाऊल त्याच्या टिपरीवर पडते.

प्रादेशिक शैलींत सर्वांत दणदणीत ती वायव्येकडील शान्शी प्रांताची छिनछियांग. बोराच्या लाकडाचे ठोकळे ठोकून ताल धरणाऱ्या ‘बांग्झ’ कुळातली ही जुनी शाखा. ती गातात असे तिकडचे लोक म्हणत नाहीत, गरजतात म्हणतात. हनानची यूज्यू याच कुळातली, पण मोकळी आणि खेळकर. तिची गायिका छांग श्यांगयू हिने कोरियन युद्धाच्या वेळी गावोगाव प्रयोग करून विमानासाठी निधी उभारला होता. सिच्वानची छुआनज्यू क्षणात मुखवटे बदलण्याच्या चमत्कारासाठी पर्यटकांत प्रसिद्ध आहे. ते तिचे सर्वांत उथळ अंग म्हणावे लागेल. तिचे खरे बळ ‘गाओछियांग’ या गायनात आहे. त्यात तंतुवाद्य नसते, एकटा गायक तालवाद्यांवर गातो आणि त्याच्या मनातले बोल मागचा वृंद उचलून धरतो. आन्हुईच्या आनछिंग भागातील ह्वांगमेई ही लोकगीतांच्या अंगाची गोड शैली १९५० च्या दशकात चित्रपटांमुळे देशभर पोहोचली.

झेज्यांगमधील युएज्यूची वाट सर्वांत निराळी. १९०६ मध्ये शंग परगण्यातल्या शेतकऱ्यांनी सुरू केलेला हा खेळ शांघायला गेला आणि तिथे पूर्णपणे बायकांच्या ताब्यात आला. नायकही बाईच आणि प्रेक्षकांतही बायकाच अधिक. युआन श्वेफन हिने १९४० च्या दशकात त्यात लिखित संहिता आणि दिग्दर्शन आणले. ‘ल्यांग शानबो आणि चू यिंगथाय’ या तिच्या चित्रपटाचा खेळ १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत चौ एन-लाय यांनी ‘चीनचे रोमिओ-ज्युलिएट’ अशी ओळख करून देत ठेवला.

दक्षिणेत ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाऊ येथे कॅन्टनीज संगीतनाट्य चालते. पूर्वी त्याच्या मंडळ्या लाल नावांतून नदीकाठची गावे फिरत. ली वनमाओ हा नट १८५४ च्या बंडात उतरल्याने छिंग सरकारने या नाटकांवर बंदी घातली. ही नाटके आधी उत्तरेकडील अधिकाऱ्यांच्या भाषेत होत; विसाव्या शतकाच्या आरंभी ती लोकांच्या कॅन्टनीजमध्ये आली आणि चालींचा घाटही बदलला. व्हायोलिन आणि सॅक्सोफोन यांनाही या मंडळ्यांनी सहज सामावून घेतले. हाँगकाँगमध्ये सणाला बांबूचे तात्पुरते नाट्यगृह देवळासमोर बांधतात. पहिला प्रेक्षक देव असतो.

अठराव्या शतकात राजधानीत स्त्रियांना रंगमंचबंदी झाल्याने स्त्रीपार्ट पुरुषांकडे गेले. त्या परंपरेतला सर्वश्रेष्ठ नट मेई लानफांग (१८९४–१९६१) हा बालगंधर्वांचा समकालीन. त्याने १९३० मध्ये अमेरिकेचा आणि १९३५ मध्ये सोव्हिएत संघाचा दौरा केला. मॉस्कोत त्याला पाहिल्यावर जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्टने चिनी अभिनयावर निबंध लिहिला. जपानी अंमलात त्याने मिशा वाढवून गाणे बंद ठेवले.

सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी एका पीकिंग ऑपेरानेच टाकली : इतिहासकार वू हान यांच्या, मिंग काळातल्या एका सडेतोड अधिकाऱ्यावरील ‘हाय रुई’ नाटकावरची टीका नोव्हेंबर १९६५ मध्ये छापून आली. पुढील दशकात सम्राट आणि विद्वान रंगमंचावरून हद्दपार झाले आणि माओ यांच्या पत्नी च्यांग छिंग यांच्या देखरेखीखालच्या ‘आदर्श’ कृती तेवढ्या उरल्या. ह्वांगमेईची लाडकी गायिका यान फंगयिंग हिने छळाला कंटाळून १९६८ मध्ये जीवन संपवले.

युनेस्कोने २००१ मध्ये खुन्छूचा गौरव केला. कॅन्टनीज आणि तिबेटी संगीतनाट्य २००९ मध्ये, तर पीकिंग ऑपेरा २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला. लेखक बाय श्येनयोंग यांनी २००४ मध्ये तरुण नट घेऊन ‘मुदान थिंग’ तीन रात्री चालणाऱ्या रूपात बसवले, तेव्हा विद्यापीठांतली सभागृहे भरली. लहान शैलींना असा आधार मिळालेला नाही. त्यांतल्या अनेकींची देशात एकच व्यावसायिक मंडळी उरली आहे; तिला ‘जगातली पहिली मंडळी’ म्हणतात, कारण दुसरी नाहीच. शाळांतून प्रमाण चिनीच शिकणाऱ्या मुलांना आजोबांच्या बोलीतली पदे कळत नाहीत, म्हणून खेड्यातल्या प्रयोगातही मंचाच्या कडेला अक्षरांची पट्टी लावावी लागते.